‘बरी आहे’ असं लिहायचं नाही

मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, सध्या काय करतेस गं, आणि मी म्हणलं एलपीएनचा कोर्स करतेय, लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, तर त्या हातातला मोदक तसाच धरून म्हणाल्या, "प्रॅक्टिकल? म्हणजे थिअरी नसते का?" आजूबाजूचे सगळे हसले, मीपण हसले, पण घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. थिअरी तर होतीच, मेड-सर्जचं, म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं पुस्तक उचलताना मनगट दुखायचं इतकं जाडजूड होतं. पण या नावातलं प्रॅक्टिकल म्हणजे नक्की काय, हे काकूंना माहीत नव्हतं तसं मलाही तोवर धड माहीत नव्हतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत सगळ्यात खालच्या पायरीवर सीएनए, म्हणजे नर्सिंग असिस्टंट, काही आठवड्यांचा कोर्स. त्याच्या वर एलपीएन, साधारण वर्षभराचा. त्याच्या वर आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, दोन ते चार वर्षं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये एलपीएनलाच एलव्हीएन म्हणतात, काम तेच. एलपीएननं आरएनच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचं, गोळ्या, इंजेक्शनं, ड्रेसिंग, कॅथेटर, आणि सलाईनच्या बाबतीत काय चालतं काय नाही ते प्रत्येक राज्याचं वेगळं. आपल्याकडची एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्सबाई, साधारण इथं कुठंतरी बसते. पण तुलना फार ताणू नका, एएनएम बाळंतपणं करते, आम्ही ती फक्त भिंतीला टेकून बघितली.

मी मूळची कराडची, बीकॉम, लग्नाआधी एका पतसंस्थेत काउंटरला बसायचे. २००९ ला नवऱ्यामागं न्यू जर्सीत आले ते एच-फोर व्हिसावर, म्हणजे राहायचं, स्वयंपाक करायचा, मुलांना शाळेत सोडायचं, पण कमवायचं नाही. २०१५ मध्ये एच-फोरवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत पुढं सरकलंय त्यांना, कामाची परवानगी मिळाली तेव्हा मी एका डेकेअरमध्ये लागले, तासाला जेमतेम पैसे आणि दिवसभर शेंबडी नाकं. २०२१ ला ग्रीन कार्ड आलं. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. नर्सिंगकडं मी सेवेच्या भावनेनं वगैरे वळले नाही, खोटं कशाला सांगू. मला एक असा कागद पाहिजे होता ज्याच्यावर माझं नाव असेल आणि जो नवऱ्याच्या व्हिसाला चिकटलेला नसेल.

घरात पहिला प्रश्न आईचा, फोनवर, "म्हणजे दुसऱ्यांचं घाण काढायचं का गं?" नवरा म्हणाला कर, पण आधी नीट विचार कर. मैत्रिणी म्हणाल्या अगं नर्स म्हणजे सगळ्या केरळच्या असतात, आपल्यात कोण होतंय, त्यापेक्षा सॉफ्टवेअरचं क्यूए टेस्टिंग शीक. एकट्या आत्यानं विचारलं, "ड्रेस कुठल्या रंगाचा?"

आत्या एएनएम होती. पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तिची सगळी नोकरी गेली. नवऱ्यानं टाकलेली होती, त्या काळात अशा बाईला दोनच रस्ते, भावाच्या घरी भांडी घासा नाहीतर डीएड किंवा नर्सिंग करा. हे काही नवीन नव्हतं म्हणा. पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं, तिथून बायका ससूनला नर्सिंग शिकायला जायला लागल्या, त्यात विधवाच जास्त. घरानं ज्यांचा हिशोब मिटवून टाकला होता त्यांच्याच पदरात हा धंदा आधी पडला. इथं अमेरिकेतसुद्धा प्रॅक्टिकल नर्सिंगची सुरुवात तशीच झाल्यासारखी वाटते, १८९० च्या दशकात ब्रुकलीनच्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संस्थेनं रोजगार शोधणाऱ्या बायकांसाठी तीन महिन्यांचा वर्ग काढला, घरी पडून असलेल्या आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची, लहान मुलांची काळजी कशी घ्यायची यावर. लायसन्स वगैरे नंतर आलं, पहिला कायदा मिसिसिपीत १९१४ ला.

तर शाळा. करिअर स्कूल म्हणजे कॉलेज नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. आमची शाळा एका शॉपिंग प्लाझात होती, एका बाजूला लाँड्रोमॅट, दुसऱ्या बाजूला पिझ्झा. वरच्या मजल्यावर मेडिकल असिस्टंट, डेंटल असिस्टंट, आणि कोपऱ्यात आम्ही. मी नुसतं वेबसाइटवर नाव-नंबर टाकलं आणि पंधरा मिनिटांत फोन, नंतर रोज फोन, अगदी एलआयसीच्या एजंटसारखा, मार्च एंडला असतो तसा. फी पंचवीस हजार डॉलरच्या वर. सरकारची पेल ग्रँट असते, वर्षाला सात हजारांच्या पुढं मिळू शकते, ग्रीन कार्डवाल्यांनापण, पण ती उत्पन्नावर असते आणि नवऱ्याच्या आयटीतल्या पगारामुळं मला शून्य. कर्ज काढलं. नंतर कळलं की काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, व्होकेशनल शाळेत हाच कोर्स बराच स्वस्त होता, फक्त तिथं वेटिंग होतं. आमच्या शाळेतल्या बाईंनी हे का सांगितलं नाही ते उघड आहे. कुणाला करायचा असेल तर आधी काउंटीत विचारा, एवढा एक फुकटचा सल्ला.

ॲडमिशनच्या आधी सगळ्या टेस्ट. ड्रग टेस्ट, बोटांचे ठसे, गोवर-कांजिण्यांच्या अँटीबॉडीज, आणि टीबीची स्किन टेस्ट. ती हातात टोचतात आणि ४८ ते ७२ तासांत बघतात. लाल किती झालंय ते मोजत नाहीत, कडक किती झालंय ते बोटानं चाचपून मिलिमीटरमध्ये मोजतात. माझं चौदा आलं, म्हणजे टीबीची शंका घ्यावी एवढं. त्या टेबलामागच्या मुलीनं माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी तिला आता खोकून दाखवणार. मी बाही वर केली आणि दंडावरचा तो व्रण दाखवला, बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, आपल्या सगळ्यांच्या असतो तो, नाण्याएवढा, थोडा खोलगट. तिनं तो आयुष्यात बघितला नव्हता कारण अमेरिकेत बीसीजी सहसा देतच नाहीत. मग रक्ताची टेस्ट, ती बीसीजीनं फसत नाही, ती निगेटिव्ह आली आणि प्रकरण मिटलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "तुझी बीसीजी मीच टोचलीय, व्रण चांगला उठला होता, नीट टोचली की उठतो." चाळीस वर्षांनी बाईला त्याचा अभिमान.

वर्गात आम्ही चौतीस जणी, त्यात तीन पुरुष, तरी चौतीस जणीच म्हणते. हैती, घाना, नायजेरिया, जमैका, फिलिपिन्स, दोन-तीन इथल्याच पोरी, आणि मी एकटी देशी. निम्म्याहून जास्त जणी आधीच सीएनए होत्या, रात्री अकरा ते सात नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथं म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळतात तिथं, काम आणि आठला वर्गात हजर. एक हैतीची बाई माझ्या शेजारी बसायची, पन्नाशीची, ती फार्माकॉलॉजीच्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपायची आणि हाक मारली की बरोबर उत्तर द्यायची. मला पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते बाईंच्या आधी हिनं शिकवलं, पाठ न मोडता, आपलं गुडघ्यात वाकून, त्याचा गुडघा आधी दुमडून.

आणि मी त्यांना शिकवलं त्रैराशिक. डोस काढायचा पेपर असतो, त्यात नव्वद टक्क्यांच्या खाली आलात तर वॉर्डात पाय ठेवू देत नाहीत, आणि सगळ्या त्याला टरकून असायच्या. पुस्तकात फॉर्म्युला दिलेला, ‘पाहिजे’ भागिले ‘आहे’ गुणिले ‘किती’. अरे हे तर आपलं त्रैराशिक. २५० मिलिग्रॅम औषध ५ मिलीमध्ये, तर ४०० मिलिग्रॅम किती मिलीमध्ये? आठ. पाचवी-सहावीत गुरुजींनी छडी घेऊन पाठ करून घेतलेलं, पतसंस्थेत व्याज काढताना वापरलेलं, ते न्यू जर्सीत लाँड्रोमॅटच्या डोक्यावर कामाला आलं. एक गोष्ट मात्र मला नवीन होती, पॉइंट पाच लिहिताना आधी शून्य लिहायलाच पाहिजे आणि पाच लिहिताना पुढं पॉइंट शून्य अजिबात लिहायचं नाही. टिंब दिसलं नाही तर पहिल्यात दहापट डोस जातो, दुसऱ्यातही दहापटच. बँकेत टिंब चुकलं तर रात्री आठपर्यंत बसून शोधतात. इथं शोधायला माणूस उरेल असं नाही.

लॅबमध्ये रबरी पेशंट होते, त्यातल्या एकाचा पाय निखळायचा. तिथं आम्ही इन्सुलिन भरायला शिकलो आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तरच लिहायचंय, कारण ते मला फार आवडतं. दोन प्रकारचं इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असतं, एक नितळ, एक गढूळ. गढूळवाली बाटली हलवायची नाही, फेस होतो, दोन तळहातांच्या मध्ये धरून हळू फिरवायची. माझे हात ते बघून आपोआप सुरू झाले, कापसाची वात वळतो तसे, आणि बाईंनी वर्गाला थांबवून म्हणलं, बघा, असं. मग सिरिंजमध्ये हवा घ्यायची, आधी गढूळ बाटलीत सोडायची, सुई औषधाला लागू न देता, मग नितळ बाटलीत हवा, नितळ आधी ओढायचं, बुडबुडा टिचकी मारून वर घालवायचा, मग गढूळ. दहा आणि वीस म्हणजे तीसच्या रेघेवर दट्ट्या थांबला पाहिजे. एकतीस झालं? एक युनिट परत ढकलता येत नाही, कारण आत आता दोन्ही मिसळलंय, सगळं फेकायचं आणि पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी चार वेळा फेकलं. घरी कढईत तेल जास्त पडलं तर आपण परत डब्यात ओततोच, ती सवय जायला वेळ लागला.

मग क्लिनिकल. आठवड्यातून दोन दिवस एका नर्सिंग होममध्ये, सकाळी पावणेसातला. स्क्रब्स, म्हणजे नर्सचा सदरा-पायजमा, पांढरे बूट, नखं कापलेली, दागिने नाहीत, लग्नाची साधी अंगठी चालते. मंगळसूत्र लांबणारं म्हणून काढून पर्समध्ये ठेवायचे. टिकलीबद्दल नियमात काहीच नव्हतं त्यामुळं ती राहिली, आणि एका आजोबांनी मला कित्येक महिने ‘डॉट’ म्हणून हाक मारली, आता डॉट हे इथं बायकांचं जुनं नावपण आहे, डोरोथीचं लाडाचं, त्यामुळं ते नाव घेतायत की टिकलीबद्दल बोलतायत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिली अंघोळ मी एका म्हाताऱ्या माणसाला घातली, अंथरुणातच. परक्या पुरुषाला हात लावायचा या विचारानं आदल्या रात्री मला झोप नव्हती. प्रत्यक्षात नियमच इतके असतात की लाजायला फुरसत नसते. आधी डोळे, साबण न लावता, नाकाकडून कानाकडं, दुसऱ्या डोळ्याला कपड्याचा कोरा भाग. मग तोंड, मान, लांबचा हात, जवळचा हात. जेवढं धुताय तेवढंच उघडं, बाकी सगळं झाकलेलं. शेवटी खालचं, पाणी बदलून. तो माणूस एकच वाक्य बोलला, "तुझे हात गार आहेत." मी हात गरम पाण्यात बुडवून आले. आपल्याकडं बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया यायच्या ना, त्या आधी हाताला हात चोळायच्या, ते आठवलं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हो, घाण काढायची. आपल्या हॉस्पिटलांत हे काम नर्स करत नाही, मावशी करतात. मावशी, बेडपॅन. मामा, स्ट्रेचर. किती सहज नाती लावतो आपण, आणि त्या मावशी कुठल्या वस्तीतून येतात, त्यांच्या आयांनी काय काम केलं, हे कुणी विचारत नाही कारण सगळ्यांना माहीत असतं. मीपण कधी विचारलं नव्हतं. सासऱ्यांना कराडला ॲडमिट केलं होतं तेव्हा मी स्वतः खोलीच्या बाहेर जाऊन मावशींना हाक मारून यायचे आणि आत काम होईपर्यंत बाहेर उभी राहायचे. इथं मात्र आधी बेडपॅन, मग स्टेथोस्कोप. आरएनची पोरंसुद्धा हेच करून वर जातात. पहिल्या आठवड्यात मला दोनदा उमासा आला, तिसऱ्या आठवड्यात मी विष्ठेचा रंग बघून कालच्याशी तुलना करत होते. किळस कधी गेली ते कळलंच नाही, गेली एवढं खरं.

पण मला जे खरं सांगायचंय ते चार्टिंगबद्दल. पहिल्या दिवशी मी पेशंटची नोट लिहिली, पेशंट आरामात आहे, मूड चांगला आहे. मला वाटलं बरं लिहिलंय. आमच्या क्लिनिकलच्या बाई जमैकाच्या, साठीच्या पुढच्या, त्यांनी लाल पेनानं ‘आरामात’ला गोल केला आणि विचारलं, "तुला कसं कळलं?"

मी म्हणलं, तशा दिसत होत्या.

"कशा?"

डोळे मिटलेले होते. "लिही." कपाळाला आठ्या नव्हत्या. "लिही." श्वास शांत. "मिनिटाला किती?" सोळा. "लिही. दुखतंय का विचारलंस?" विचारलं, नाही म्हणाल्या. "मग ते तिचं वाक्य म्हणून लिही. आरामात आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. तू ठरवायचं नाहीस."

ही नुसती भाषेची शिस्त नाही, आमच्या लायसन्सचा सगळा कायदा यात आहे. एलपीएन ‘असेस’ करत नाही, डेटा गोळा करते. पेशंटला नवीन शिकवत नाही, आरएननं शिकवलेलं पक्कं करून घेते. एकाच पेशंटसमोर दोघी उभ्या, दोघींना सूज दिसतेय, एकीनं म्हणायचं हे अमुक वाटतंय आणि दुसरीनं म्हणायचं घोट्यावर अंगठा पाच सेकंद दाबला, चार मिलिमीटर खड्डा पडला. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वर्गात कुजबुज झाली, अपमान वाटला सगळ्यांना. मला मात्र ओळखीचं वाटलं. घरातल्या सुनेला सगळं दिसत असतं, निदान करायचा अधिकार सासूचा असतो.

हळूहळू मात्र त्याची गोडी लागली. तिथं एक आजी होत्या, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, त्या दर वेळी माझं इंग्रजी दुरुस्त करायच्या. मी व्हेजिटेबल म्हणताना मध्ये एक अक्षर जास्त घालते म्हणून त्यांनी माझ्याकडून ते पाच वेळा म्हणून घेतलं होतं. मंगळवारी त्यांनी दुरुस्त केलं. बुधवारी नाही केलं. मी मुद्दाम चुकीचं बोलून बघितलं, तरी नाही. मी लिहिलं: टोस्ट अख्खा परत, चहा दोन घोट. मला तीन वेळा वेगवेगळ्या नावानं हाक. लघवी गडद, वास उग्र. ताप ९९.१. आणि खाली लिहिलं, आज उच्चार दुरुस्त केले नाहीत. बाई ते वाचून थांबल्या. म्हणाल्या, हे शेवटचं वाक्य चार्टमध्ये असं नको, पण आत्ता जाऊन आरएनला तोंडी सांग, आधी हेच सांग. लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं, म्हाताऱ्या माणसांत ते बऱ्याचदा असंच उगवतं, ताप फारसा नाही, माणूस एकदम गोंधळतो. आठवड्यानं आजींनी मला परत व्हेजिटेबल म्हणायला लावलं.

शाळेबद्दल मात्र चांगलं बोलायला जीभ जड होते. दोन शिक्षिका अध्येमध्ये सोडून गेल्या, एका विषयाला तीन आठवडे कुणीच नव्हतं, व्हिडिओ लावून ठेवायचे. लहान मुलांच्या वॉर्डचं क्लिनिकल म्हणून आम्हाला एका डेकेअरमध्ये पाठवलं. मी तिथून सुटून आले होते, फी भरून परत तिथंच! आणि शेवटी एक्झिट टेस्ट. ती पास झाल्याशिवाय शाळा राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडं कागद पाठवत नाही, म्हणजे जी नापास होण्याची शक्यता आहे तिला खऱ्या परीक्षेला बसूच द्यायचं नाही, मग शाळेची टक्केवारी छान दिसते आणि जाहिरातीत टाकता येते. चौतीसच्या एकोणीस उरलो. माझ्या शेजारची हैतीची बाई त्या टेस्टला दोनदा दोन-चार मार्कांनी अडकली, तिसऱ्यांदा सुटली. मधले चार महिने कर्जाचं व्याज चालूच.

मध्येच जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली ती ऑपरेशन नाइटिंगेलची. फ्लोरिडातल्या तीन शाळांनी ७,६०० च्या वर खोटे नर्सिंगचे डिप्लोमे आणि मार्कशीट विकले, एकेक दहा ते पंधरा हजार डॉलरला, २५ जणांवर आरोप, त्यात आरएनचे पण आणि आमच्या एलपीएनचे पण. त्या दिवशी ब्रेकमध्ये कुणी बोलेना. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की ते कागद विकत घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण लायसन्सची परीक्षा खरोखर पास झाले होते. म्हणजे थिअरी पाठ करून निघते. एकही बेडपॅन न उचलता, एकही ‘तुला कसं कळलं’ न ऐकता निघते. गणपतीतल्या काकूंना हे सांगायला पाहिजे होतं.

त्यात एप्रिल २०२३ पासून लायसन्सची परीक्षाच बदलली, आमचा कोर्स अर्ध्यावर असताना, नेक्स्ट जनरेशन एनक्लेक्स. आमच्या हातातली निम्मी पुस्तकं जुनी झाली. आता कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास, फी दोनशे डॉलर. कॉम्प्युटर तुमचं उत्तर बघून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ठरवतो आणि त्याला खात्री पटली की बंद होतो. पास म्हणून की नापास म्हणून, ते सांगत नाही. शाळेचा बिल्ला लावायचा कार्यक्रम ऑक्टोबरला झाला, हातात बॅटरीवरची मेणबत्ती घेऊन नाइटिंगेल शपथ म्हणलो. ती नाइटिंगेलनं लिहिलेलीच नाही बरं का, १८९३ मध्ये डेट्रॉइटच्या नर्सिंग स्कूलमध्ये लिहिली गेली. जानेवारीत परीक्षा दिली. सेंटरवर तळहाताच्या शिरांचा स्कॅन करतात, घड्याळसुद्धा लॉकरमध्ये. चार पेशंट देतात आणि विचारतात आधी कुणाकडं जाशील. किंवा यातलं कुठलं काम एलपीएनला देता येईल. उत्तर बहुतेक वेळा तेच, जो स्थिर आहे, ज्याचं पुढं काय होणार ते साधारण सांगता येतं, तो आमचा. ८६ व्या प्रश्नाला स्क्रीन काळा झाला. गाडीत येऊन मी थर्मासातला चहा प्यायले आणि वीस मिनिटं गाडी सुरूच केली नाही. पास झाले.

आता मी दुपारी तीन ते अकरा करते, अठ्ठावीस पेशंट. एका वेळेच्या गोळ्या ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी ते तासभर नंतर एवढ्यात सगळ्यांना गेल्या पाहिजेत, गणित तुम्हीच करा. ज्यांना गिळता येत नाही त्यांना कुटून सफरचंदाच्या गरात, पण सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एका घासात जातो. ओळखीचे लोक भेटले की आता आरएन कधी हेच विचारतात. त्यांचं चूक नाही, २०२४ च्या सरकारी आकड्यात एलपीएनचा मधला पगार वर्षाला ६२,३४० डॉलर आणि आरएनचा ९३,६००. बघू. आधी हे कर्ज फिटू दे.

आत्याला अठ्ठावीस सांगितले तर ती हसत सुटली. पाच हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, डोंगरी भाग असेल तर तीन हजार. तिच्याकडं तीन हजार होते, सात वाड्या, पावसाळ्यात लसीचा डबा डोक्यावर. आणि प्रत्येकाचं रजिस्टर.

परवा व्हिडिओ कॉल केला. ती आता माझ्या चुलतभावाकडं असते, सत्तरीच्या पुढं गेली. फोन नेहमीप्रमाणं असा धरलेला की मला पंखा आणि तिचं अर्धं कपाळ. कशी आहेस विचारलं तर म्हणाली, "बरी आहे की."

"बरी आहे नको सांगूस. सकाळपासून काय खाल्लंस?"

गप्प झाली. मग म्हणाली, "अर्धी भाकरी. पाय सुजलाय."

"एक पाय की दोन्ही?"

"डावा. गौरी जेवल्या त्या दिवसापासनं."

"दाबून बघितलास?"

"बघितला की! मी काय उगंच नोकरी केली व्हय? खड्डा पडतोय. पोटरी गरम लागतीय, उजव्यापेक्षा." आणि फोन खाली करून दाखवायला गेली तर मला फरशी दिसली. मग थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात, "आता तूच सांग काय झालंय ते."

"ते मला सांगता येत नाही आत्या. आजच्या आज डॉक्टरकडं जायचं, उद्या नाही. आणि जसं मला सांगितलंस तसंच त्यांना सांगायचं, भाकरीपासून पोटरीपर्यंत."

तिनं भावाला हाक मारली, गाडी काढ म्हणली. मग चष्मा शोधला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, पालथं घातलं, आणि आधी तारीख घातली, मग वेळ.